एक किल्ली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती: सॉफ्टवेअरमधली 'सीक्रेट्स' कुठे ठेवायची असतात?

२०१६ च्या शेवटी दोन हॅकर्स उबर कंपनीच्या इंजिनिअर्सच्या गिटहब खात्यांत शिरले. त्यासाठी त्यांना फार मोठी करामत करावी लागली नाही. दुसऱ्या वेबसाईट्सवरून आधीच फुटलेले पासवर्ड त्यांनी इथे लावून पाहिले आणि ते चालले. आत कंपनीचा खासगी कोड होता. त्या कोडमध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडची एक किल्ली साध्या अक्षरांत लिहून ठेवलेली होती.

त्या एका किल्लीने जगभरातल्या ५ कोटी ७० लाख प्रवाशांची आणि चालकांची माहिती उघडी पडली. नावं, ईमेल, फोन नंबर आणि अमेरिकेतल्या सुमारे ६ लाख चालकांचे लायसन्स नंबर.

उबरने हॅकर्सना १ लाख डॉलर दिले आणि वर्षभर कुणाला कळू दिलं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये ही गोष्ट बाहेर आली. २०१८ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या राज्यांशी तडजोड करून १४ कोटी ८० लाख डॉलर भरायचं मान्य केलं. तेव्हाचे सुरक्षाप्रमुख जो सलिव्हन यांना प्रकरण दडपल्याबद्दल २०२२ मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं. पुढच्या वर्षी त्यांना तीन वर्षांच्या प्रोबेशनची शिक्षा झाली.

हे सगळं घडलं, कारण जी किल्ली कोडच्या बाहेर असायला हवी होती ती कोडच्या आत होती. ही चूक फक्त मोठ्या कंपन्यांत होते असं नाही. कॉलेजचा फायनल इयर प्रोजेक्ट गिटहबवर टाकणारे विद्यार्थी किंवा एआयच्या मदतीने शनिवार-रविवारी ॲप बनवणारे हौशी लोकही रोज हीच चूक करतात. म्हणून समजून घेऊया, सीक्रेट म्हणजे काय, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे काय आणि किल्ली फुटलीच तर नेमकं काय करायचं.

'सीक्रेट' म्हणजे नेमकं काय?

आजचं कुठलंही ॲप एकटं चालत नाही. पैसे घेण्यासाठी ते पेमेंट गेटवेशी बोलतं, ओटीपी पाठवण्यासाठी एसएमएस कंपनीशी, फोटो साठवण्यासाठी क्लाउडशी आणि उत्तरं लिहून घेण्यासाठी एखाद्या एआय मॉडेलशी. प्रत्येक वेळी समोरची सेवा विचारते, "तू कोण?" याचं उत्तर म्हणून ॲप अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ पुढे करतं. तिला एपीआय की म्हणतात. आपण तिला सरळ किल्ली म्हणूया.

डेटाबेसचा पासवर्ड, एपीआयची किल्ली, लॉगिन टोकन्सवर सही करणारा गुप्त शब्द, सर्व्हरमध्ये शिरण्याची खासगी किल्ली ही सगळी सीक्रेट्स. यांचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्याच्या हातात किल्ली, तो मालक. तुमच्या यूपीआय पिनसोबत निदान तुमचा मोबाईल आणि सिमही लागतं. बहुतेक एपीआय किल्ल्यांना असं दुसरं काही लागत नाही. कुणीही, कुठूनही ती लावली तर दार उघडतं आणि बिल मात्र तुमच्या नावावर येतं.

याशिवाय ॲपला अशाही गोष्टी लागतात ज्या गुप्त नसतात, पण जागेनुसार बदलतात. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट नंबर, चाचणी चालू आहे की खरे ग्राहक आहेत वगैरे. याला कॉन्फिगरेशन म्हणतात. म्हणजे सगळी सीक्रेट्स ही कॉन्फिगरेशन असतात, पण सगळं कॉन्फिगरेशन सीक्रेट नसतं.

कोडमध्ये लिहिलं तर बिघडतं कुठे?

पहिला प्रश्न कॉपींचा. कोड ही वाटली जाणारी वस्तू आहे. टीममधल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर त्याची कॉपी असते, बॅकअपमध्ये असते, काम दिलेल्या बाहेरच्या कंपनीकडे असते. किल्ली कोडमध्ये असेल तर ती या सगळ्यांकडे जाते.

टोयोटाच्या बाबतीत असंच झालं. गाडी मालकांसाठीच्या टी-कनेक्ट सेवेच्या कोडचा काही भाग एका कंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये गिटहबवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. त्यात एका सर्व्हरची किल्ली होती. हे लक्षात आलं सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे जवळपास पाच वर्षांनी. २ लाख ९६ हजार १९ ग्राहकांचे ईमेल आणि ग्राहक क्रमांक फुटले असू शकतात, असं कंपनीला जाहीर करावं लागलं.

दुसरा प्रश्न इतिहासाचा, आणि नवखे सगळ्यात जास्त इथेच फसतात. गिट हे बदलांची नोंद ठेवणारं साधन आहे. तुम्ही सोमवारी किल्लीसकट कोड टाकला आणि मंगळवारी ती ओळ पुसून पुन्हा टाकला, तर आजच्या फाईलमध्ये किल्ली दिसणार नाही. पण सोमवारची नोंद तशीच आहे. दोन क्लिकमध्ये कुणीही ती पाहू शकतो. व्हॉट्सॲपवर मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' करावा, पण तोवर कुणीतरी स्क्रीनशॉट काढलेला असावा, तसं हे आहे.

तिसरा प्रश्न वेगाचा. गिटहबवर येणारा प्रत्येक नवा सार्वजनिक कोड चाळणारे बॉट्स दिवसरात्र चालू असतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे स्वतः करून पाहिलं. नवी फाईल आल्यापासून त्यातलं सीक्रेट सापडायला त्यांना साधारण २० सेकंद पुरत होते. एक लाखाहून जास्त रिपॉझिटरीजमध्ये त्यांना अशी सीक्रेट्स सापडली. त्यामुळे "टाकलं होतं, पण लगेच काढलं" या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

गिटगार्डियन ही कंपनी दरवर्षी याची मोजदाद करते. तिच्या अहवालानुसार एकट्या २०२४ मध्ये गिटहबच्या सार्वजनिक कोडमध्ये सुमारे २ कोटी ३८ लाख नवी सीक्रेट्स सापडली. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे २०२२ मध्ये फुटलेल्यांपैकी ७० टक्के किल्ल्या नंतरही चालू होत्या. म्हणजे कुलूप बदलायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे काय?

उपाय साधा आहे. कोडमध्ये किल्ली लिहायची नाही, फक्त तिचं नाव लिहायचं. "डेटाबेसचा पासवर्ड या नावाने जे काही ठेवलं असेल ते घे," एवढंच कोड सांगतो. खरी किंमत ज्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम चालतो तिथे ठेवलेली असते. प्रोग्रॅम सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या हातात नावं आणि किमतींची एक यादी देते. त्या यादीतली एकेक नोंद म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल.

ही कल्पना नवी नाही. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ती आज दिसते त्या रूपात आली. विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे ती आहे आणि जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेला ती वाचता येते.

याचा फायदा फक्त गुप्ततेचा नाही. तोच कोड तुमच्या लॅपटॉपवर चाचणीच्या डेटाबेसशी बोलतो आणि सर्व्हरवर खऱ्या डेटाबेसशी. कोडची एक ओळही बदलावी लागत नाही, फक्त यादी बदलते. चाचणी घेताना चुकून खऱ्या ग्राहकांना मेसेज जाण्याचा धोकाही त्यामुळे कमी होतो.

२०११ च्या सुमारास हेरोकू कंपनीच्या ॲडम विगिन्स यांनी 'ट्वेल्व्ह फॅक्टर ॲप' नावाची बारा नियमांची मांडणी केली. त्यातला तिसरा नियम हाच: कॉन्फिगरेशन एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा. सोबत एक कसोटीही दिली. तुमचा सगळा कोड या क्षणी जगाला खुला केला तर एखादी किल्ली फुटेल का? उत्तर 'हो' असेल तर काम बाकी आहे.

एक व्यावहारिक गोष्ट. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये फक्त मजकूर बसतो. तिथे 'फॉल्स' असं लिहिलं तरी कोडच्या दृष्टीने ते पाच अक्षरांचं एक वाक्यच असतं, आणि जावास्क्रिप्ट किंवा पायथनमध्ये रिकामा नसलेला मजकूर 'खरं' धरला जातो. बंद केलेली सुविधा चालूच का राहिली, याचं उत्तर अनेकदा इथे सापडतं. म्हणून किंमत वाचली की आधी योग्य प्रकारात बदलून घ्यायची. आणि गरजेची किंमत यादीत नसेलच, तर ॲप सुरू होतानाच थांबलं पाहिजे. अर्ध्या रात्री ग्राहकासमोर थांबण्यापेक्षा ते बरं.

'डॉट ईएनव्ही' फाईल आणि तिच्या चार खोड्या

दर वेळी दहा-बारा किमती हाताने कोण भरणार? म्हणून डेव्हलपर त्या 'डॉट ईएनव्ही' नावाच्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहून ठेवतात. एका ओळीत एक नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत. एखादी छोटी लायब्ररी ती फाईल वाचून यादी तयार करते. सोय चांगली आहे, पण ही फाईल कुलूपबंद नसते. ती उघडली की सगळं वाचता येतं. तिच्या बाबतीत होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत.

पहिली: फाईल गिटमध्ये जाते. कुठल्या फाईल्सकडे दुर्लक्ष करायचं हे 'गिटइग्नोर' फाईलमध्ये लिहितात. डॉट ईएनव्हीचं नाव तिथे पहिल्या दिवशीच घालायचं. कारण फाईल एकदा गिटमध्ये गेल्यावर गिटइग्नोरमध्ये नाव घालून उपयोग नसतो. गिट तिच्यावर लक्ष ठेवतच राहतं. टीमसाठी फक्त नावं असलेली, किमती रिकाम्या ठेवलेली नमुना फाईल वेगळी ठेवायची. ती खुशाल गिटमध्ये जाऊ दे.

दुसरी: फाईल वेबसाईटच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये राहते. मग ब्राउझरमध्ये साईटच्या पत्त्यापुढे तिचं नाव टाकलं की ती कुणालाही उघडता येते. २०२४ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट ४२ पथकाने अशीच एक खंडणीची मोहीम उघड केली. हल्लेखोरांनी १ लाख १० हजार डोमेन्सना लक्ष्य केलं आणि उघड्या राहिलेल्या डॉट ईएनव्ही फाईल्समधून ९० हजारांहून जास्त व्हेरिएबल्स गोळा केली. त्यातल्या क्लाउडच्या किल्ल्या वापरून डेटा उचलला आणि पैशांची मागणी केली.

तिसरी: फाईल डॉकर इमेजमध्ये जाते. प्रोजेक्टचं अख्खं फोल्डर इमेजमध्ये कॉपी केलं तर डॉट ईएनव्हीही आत जाते. पुढच्या पायरीत ती पुसली तरी आधीच्या थरात ती शिल्लक असते.

चौथी: फाईल चॅटवर फिरते. नवा सहकारी आला की "ईएनव्ही पाठव ना" म्हणतो आणि फाईल ग्रुपवर पडते. तो ग्रुप, तिथले फोनचे बॅकअप, कंपनी सोडून गेलेले सदस्य, सगळ्यांकडे ती राहते. त्यापेक्षा पासवर्ड मॅनेजरमधून शेअर केलेली बरी.

सगळ्यात मोठा गैरसमज: 'फ्रंटएंडमध्येही लपतं'

रिॲक्ट किंवा नेक्स्ट वापरणाऱ्यांना वाटतं, किल्ली डॉट ईएनव्हीमध्ये ठेवली म्हणजे सुरक्षित झाली. पण ब्राउझरमध्ये चालणारा कोड वापरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर जातो. तिथे तुमची यादी पोहोचू शकत नाही. म्हणून बिल्ड होताना ती किंमत थेट कोडमध्ये चिकटवली जाते. नेक्स्टमध्ये ज्या व्हेरिएबलचं नाव 'नेक्स्ट पब्लिक'ने सुरू होतं, आणि व्हीटमध्ये ज्याचं नाव 'व्हीट'ने सुरू होतं, ते सगळं ब्राउझरमध्ये कुणालाही वाचता येतं. नावातच 'पब्लिक' आहे, पण घाईत ते दिसत नाही.

मोबाईल ॲपचंही तेच. ॲपची फाईल उलगडून आतला मजकूर वाचता येतो. २०२२ मध्ये क्लाउडसेक या कंपनीला ट्विटरच्या एपीआय किल्ल्या उघड्या ठेवणारी ३,२०७ मोबाईल ॲप्स सापडली होती.

मग काय करायचं? काही किल्ल्या सार्वजनिक राहण्यासाठीच बनवलेल्या असतात. रेझरपेची 'की आयडी' ब्राउझरमध्ये चालते, पण तिची 'की सीक्रेट' फक्त सर्व्हरवर राहिली पाहिजे. फायरबेसची वेब किल्लीही प्रोजेक्टची ओळख सांगण्यापुरती असते. तिथे खरं संरक्षण डेटाबेसच्या नियमांनी होतं, म्हणून नियम सगळ्यांना खुले ठेवले तर किल्ली लपवून काही साधत नाही. गुगल मॅप्सच्या किल्लीला 'फक्त माझ्या डोमेनवरून चाल' अशी अट घालता येते. बाकी ज्या किल्लीमुळे पैसे किंवा डेटा हलू शकतो, ती कायम सर्व्हरवर. ब्राउझरने तुमच्या सर्व्हरला विचारायचं आणि सर्व्हरने ती किल्ली वापरून पुढे विचारायचं. एआयचे एपीआय वापरणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवायला हवं, कारण तिथे वापरावर बिल लागतं.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पुरेसं आहे का?

छोट्या प्रोजेक्टला, हो. मोठ्या कामाला नाही. यादीतल्या किमती साध्या मजकुरात असतात. प्रोग्रॅमने दुसरा प्रोग्रॅम सुरू केला तर साधारणपणे पूर्ण यादी त्याच्याही हातात जाते. एरर आल्यावर काही साधनं सगळी यादी लॉगमध्ये छापतात. टर्मिनलमध्ये किल्ली टाईप केली तर ती कमांडच्या हिस्ट्रीत राहते. शिवाय कुणी, कधी किल्ली वाचली याची नोंद कुठेच नसते.

म्हणून कंपन्या सीक्रेट मॅनेजर वापरतात. ॲमेझॉन, गुगल आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये अशा सेवा आहेत, आणि हॅशीकॉर्पचं व्हॉल्ट बरंच वापरलं जातं. इथे सीक्रेट्स एन्क्रिप्ट केलेली असतात, कुणाला काय दिसेल हे ठरवता येतं, प्रत्येक वापराची नोंद राहते आणि किल्ली ठराविक दिवसांनी आपोआप बदलता येते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे कायमची किल्लीच नको. क्लाउडमधल्या सर्व्हरला भूमिका नेमून दिली की त्याला थोड्या वेळापुरती किल्ली आपोआप मिळते. ती फुटली तरी लवकरच निकामी होते.

पण तिजोरी घेतली म्हणून काम संपत नाही. तिजोरीची किल्ली कुठे ठेवायची, हा प्रश्न राहतोच. २०२२ मध्ये उबरमध्ये पुन्हा घुसखोरी झाली. हल्लेखोराच्या दाव्यानुसार, आत शिरल्यावर त्याला एका स्क्रिप्टमध्ये ॲडमिनचा पासवर्ड लिहिलेला सापडला, आणि तो पासवर्ड होता कंपनीच्या सीक्रेट्स सांभाळणाऱ्या सिस्टिमचाच.

किल्ली फुटली तर काय करायचं?

इथे क्रम महत्त्वाचा आहे.

१. आधी किल्ली बदला. संबंधित सेवेच्या डॅशबोर्डवर जाऊन नवी किल्ली तयार करा, ती ॲपमध्ये लावा आणि जुनी रद्द करा. गैरवापर चालू असल्याची शंका असेल तर आधी जुनी रद्द करा, ॲप थोडा वेळ बंद पडलं तरी चालेल.

२. मग नुकसान पाहा. लॉग, बिल, अनोळखी सर्व्हर, नवे युजर्स. किल्ली उघडी होती त्या सगळ्या काळाचे लॉग तपासा, फक्त आजचे नाही.

३. सांगा. टीमला, गाईडला, क्लायंटला. कंपनी असेल तर सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

४. शेवटी गिटचा इतिहास साफ करा. त्यासाठी साधनं आहेत, पण कुणी आधीच कॉपी घेतली असेल तर ती तशीच राहते. म्हणून हे काम पहिलं नाही, शेवटचं.

बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. चौथी पायरी आधी करतात आणि तिथेच थांबतात. ओळ पुसली, मन शांत झालं, किल्ली मात्र चालूच.

चूक कुणाचीही होऊ शकते. मार्च २०२३ मध्ये खुद्द गिटहबची एक खासगी किल्ली थोड्या वेळासाठी सार्वजनिक रिपॉझिटरीत दिसली. तिचा गैरवापर झाल्याचा पुरावा नव्हता. तरीही त्यांनी ती बदलली. जगभरातल्या अनेक डेव्हलपर्सच्या स्क्रीनवर त्या दिवशी इशारे आले, कामं अडली, पण निर्णय बरोबर होता. पुढे फेब्रुवारी २०२४ पासून गिटहबने सार्वजनिक कोडसाठी पुश प्रोटेक्शन आपोआप चालू केलं. ओळखीच्या नमुन्याची किल्ली दिसली तर कोड वर जाण्याआधीच अडवला जातो. पण तुम्ही स्वतः ठरवलेला डेटाबेसचा पासवर्ड कुठल्याच ठरलेल्या नमुन्यात बसत नाही, त्यामुळे तो सुटू शकतो. सगळा भार या जाळीवर टाकता येत नाही.

आज पाच मिनिटं काढून एक काम करा. तुमच्या गिटहबवरचा सगळ्यात जुना प्रोजेक्ट उघडा आणि त्यात 'की', 'सीक्रेट' आणि 'पासवर्ड' हे इंग्रजी शब्द शोधा. जुन्या नोंदीही पाहा. काही सापडलं तर पुसायला जाऊ नका. आधी बदला, मग पुसा.